पावागडाच्या पायवाटा

बडोद्याच्या जुन्या कोटाला पूर्वेकडे पाणीगेट आहे. तिथून निघालेला रस्ता आजव्याच्या दिशेने जातो, आणि पावसाने हवा धुऊन निघाली की याच बाजूला, किंचित उत्तरेकडे, सपाट शेतांवर एक एकटा डोंगर उभा दिसतो. तो पावागड. त्याच्या पायथ्याचे चांपानेर हे आज लहानसे खेडे आहे, बडोद्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर, पंचमहाल जिल्ह्याच्या हालोल तालुक्यात. एके काळी ही गुजरातच्या सुलतानाची राजधानी होती. बडोद्यातली मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या कालिकामातेच्या दर्शनाला इथे येतात. पण बहुतेकांची भेट माचीपर्यंत गाडी, तिथून रोपवे आणि देवळाची रांग एवढ्यातच संपते. डोंगराचा खरा परिचय होतो तो जुन्या पायवाटांवर.

या वाटा कशा पडल्या, हे डोंगराच्या घडणीवरून कळते. पावागड दख्खनच्या ज्वालामुखी खडकांचाच एक तुटक भाग आहे. सह्याद्रीसारखेच लाव्हाचे थर इथे एकावर एक साचले. खालचे थर काळ्या बेसाल्टचे आहेत, माथ्याकडे मात्र रायोलाइट हा फिकट रंगाचा, सिलिकाचे प्रमाण जास्त असलेला खडक सापडतो. टणक थरांचे कडे झाले आणि ठिसूळ थर झिजून उतार व सपाट्या झाल्या. म्हणून इथली चढण सलग नाही. दमछाक करणारा टप्पा, मग मोकळे पठार, पुन्हा कडा, पुन्हा पठार. मधल्या मोठ्या सपाटीला माची म्हणतात. राजगडाच्या माच्या पाहिलेल्या मराठी माणसाला हा शब्द परका वाटणार नाही. त्याच्या वर मौलिया पठार आणि सर्वांत वर कालिकामातेचे शिखर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. नावाची एक लोकव्युत्पत्ती अशी, की डोंगराचा पाव हिस्साच जमिनीवर दिसतो, बाकीचा भूगर्भात आहे. दुसरी वाऱ्याशी, पवनाशी, नाव जोडते.

चांपानेरहून माचीला आता पाच-एक किलोमीटरचा मोटाररस्ता आहे. त्याच्या आधीची वाट दगडी फरसबंदीची. ती झाडीतून वळणे घेत चढते आणि वाटेत दरवाज्यांमागून दरवाजे लागतात: आधी अटक, मग बुढिया, मोती, सदनशाह. किल्ला बांधणाऱ्यांनी डोंगराला सरसकट तट घातला नाही. उभा कडा असेल तिथे त्याच्यावरच भरवसा ठेवला आणि माणूस चढू शकेल अशी जागा दिसली की तिथे भिंत आणि दरवाजा उभा केला. सदनशाह दरवाज्यापाशी तर वाटच खडक फोडून नागमोडी काढलेली आहे, म्हणजे आत घुसणाऱ्याला वरच्या माऱ्यातून सरळ धावता येऊ नये. गाडीने जाणाऱ्याला यातले काही कळत नाही. चालणाऱ्याला प्रत्येक वळणावर किल्लेदाराचा हिशेब उमगत जातो.

माचीच्या परिसरात थोडी वाकडी वाट केली, तर गर्दी मागे राहते. कड्याच्या अगदी धारेवर खापरा झवेरीचा महाल म्हणून ओळखली जाणारी पडकी वास्तू आहे. तिच्या खाली विश्वामित्रीची खोल घळ उघडते. बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री ती हीच. तिचा उगम या डोंगरात आहे आणि पुढे ती ढाढर नदीला मिळून खंबातच्या आखाताकडे जाते. दुसऱ्या बाजूला भद्रकालीच्या देवळाकडे जाणाऱ्या सोंडेवर सात कमान आहे. पिवळसर दगडाच्या या कमानी तटाच्या टोकाला उभ्या असून त्यांतून खालचे मैदान चौकटीत बसवल्यासारखे दिसते. पावागडावर एकच जागा पाहायला वेळ असेल, तर ती ही असावी.

माचीपासून माथ्यापर्यंत दोन हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. १९८६ साली रोपवे सुरू झाला, तरी नवसाचे आणि हौसेचे यात्रेकरू अजून पायीच चढतात. नवरात्रात आणि चैत्रात ही वाट रात्रीही झोपत नाही. दुतर्फा नारळ, चुनरी आणि प्रसादाची दुकाने. मौलिया पठारावर मात्र थांबायला हवे. तिथे दुधिया, छासिया, तेलिया अशा नावांची तळी आहेत: दूध, ताक, तेल. पावसाचे पाणी अडवून गडावरची वस्ती वर्षभर तगावी म्हणून केलेली ही सोय. छासिया तळ्याकाठचे लकुलीशाचे देऊळ दहाव्या-अकराव्या शतकातले, म्हणजे डोंगरावरच्या उभ्या वास्तूंपैकी सर्वांत जुने. बराचसा भाग ढासळला असला तरी भिंतींवरची शिल्पे पाहण्याजोगी आहेत. पठारावर जैन मंदिरे आहेत. कड्याच्या कडेला नवलखा कोठार हे घुमटांचे धान्यकोठार आहे. धान्य आणि पाणी वरच, म्हणून हा गड लवकर हाती येत नसे.

गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याला त्याचा अनुभव आला. खीची चौहानांचा राजा जयसिंह, लोककथेतला पताई रावळ, इथे राज्य करत होता. बेगड्याचा वेढा वीस महिन्यांच्या आसपास चालला आणि १४८४ मध्ये गड पडला. त्याने पायथ्याला मुहम्मदाबाद या नावाने नवी राजधानी वसवली. जेमतेम पन्नास वर्षांत, १५३५ साली, मुघल बादशहा हुमायून तिथे पोचला, आणि पावागडावरच्या चढाईची सर्वांत विलक्षण गोष्ट त्याची आहे. वेढा रेंगाळला होता. एके दिवशी रानातून काही माणसे बाहेर पडताना त्याच्या लोकांना दिसली. चौकशीत कळले, की कड्याच्या अवघड बाजूने ती गडावर धान्य आणि तूप पोचवतात. ज्या बाजूने कोणी येणार नाही म्हणून पहारा ढिला होता, तिथे गावकऱ्यांची वाट होती. हुमायूनने लोखंडी खुंट्या तयार करवल्या आणि रात्री त्या खडकात ठोकत माणसे वर चढवली. ४० वा त्याचा सरदार बैरामखान होता, ४१ वा स्वतः बादशहा. पहाटेपर्यंत सुमारे ३०० जण वर पोचले. गडाची खरी माहिती नकाशापेक्षा रानात वावरणाऱ्यांच्या पायांना जास्त होती.

त्यानंतर राजधानी अहमदाबादला परतली आणि चांपानेर रानाने गिळले. १७२७ मध्ये मराठा सरदार कंठाजी कदम बांडे यांच्याकडच्या कृष्णाजीने ते घेतले, पुढे अठराव्या शतकात पावागड शिंद्यांकडे आला. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रजांनी तो जिंकला, तहानंतर शिंद्यांना परत दिला. १८५३ पासून पंचमहालचा कारभार इंग्रजांकडे गेला.

पायथ्याची फेरी वेगळ्या चालीची आहे. चढ नाही, घाई नाही, एक सकाळ पुरते. जामी मशिदीपासून सुरुवात करावी: १७२ खांब, सुमारे ३० मीटर उंचीचे दोन मिनार, आणि प्रकाश चाळून आत सोडणाऱ्या दगडी जाळ्या. तिथून शेतांच्या बांधांवरून, बाभळी-पळसांमधून केवडा, नगिना, लीला गुंबज या मशिदींकडे पायवाटा जातात. हिंदू मंदिरांतली कमळे, कलश आणि वेलबुट्टी इथे मशिदींच्या अंगावर उतरलेली दिसते. कारागीर तेच होते. वडा तलावाकाठी पहाटे गेले, तर अख्खा डोंगर पाण्यात उलटा दिसतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ रमणलाल मेहता यांनी १९६९ पासून काही वर्षे इथे उत्खनन केले, तेव्हा रस्ते, हवेल्या आणि कारंज्यांच्या बागा मातीखालून वर आल्या. २००४ मध्ये युनेस्कोने चांपानेर-पावागडाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यासाठी बडोद्याच्या हेरिटेज ट्रस्टने आणि वास्तुविशारद करण ग्रोव्हर यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला होता.

वाटा आहेत, वाट दाखवणारे मात्र फार थोडे आहे. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या दरीतल्या कुठल्याही खेड्यात पिवळ्या पाट्या असतात. त्यांवर अंतराऐवजी चालायला लागणारा वेळ लिहिलेला असतो, आणि डोंगरवाटांवर पांढऱ्या-तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा. तिथल्या अशा वाटांचे जाळे सुमारे ६५,००० किलोमीटरचे आहे. पावागडावर मुख्य पायऱ्या सोडल्या की एवढीशी खूणही हाती लागत नाही, आणि ही उणीव भरून काढण्याजोगी आहे. तोवर माची ओलांडून आडवाटेला जाताना गावातला माणूस सोबत घ्यावा. नवलखा कोठार आणि खापरा झवेरीच्या महालाजवळ कठडा नसलेले कडे आहेत. पावसाळ्यात तिथला शेवाळलेला दगड फार निसरडा होतो. डोंगर सर्वांत सुंदर असतो तो याच दिवसांत, पण पायी फिरायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये खडक इतका तापतो, की चढाई सूर्योदयाच्या आधीच उरकावी लागते. पाणी सोबत हवेच.

एका दिवसाहून अधिक वेळ असणाऱ्यांसाठी जांबुघोडा अभयारण्य जवळ आहे. साग, बांबू आणि मोहाचे हे रान, त्यात बिबटे आणि अस्वले. राठवा आणि नायक आदिवासींची वस्ती या भागात आहे. घोघंबा तालुक्यातला हाथणी मातेचा धबधबा फक्त पावसाळ्यात जिवंत होतो.

परतताना चांपानेरच्या बाहेर, बडोदा रस्त्याच्या कडेला, वर्तुळाकार वाव आहे. पायऱ्या विहिरीच्या भिंतीलाच चिकटून गोल फिरत खाली जातात. सोळाव्या शतकातली ही रचना लहान असली तरी चुकवू नये. पुढे आजव्याचे सयाजी सरोवर लागते. सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १८९० च्या सुमारास, शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून ते बांधले गेले. पावागडाच्या बाजूने येणारे ओढे आणि विश्वामित्रीचे वळवलेले पाणी त्यात साठते, आणि तिथून नळाने बडोद्याला येते.