अंथरूण वेगळं करण्याआधी

आजचा विषय सांगितला तेव्हा रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलीनं आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग उठून दार लावून घेतलं. विषय आहे कॅन्सर झालेल्या तरुण मुलामुलींच्या प्रेमाचा आणि नवरा-बायकोच्या जवळिकीचा. लहान मुलं आसपास असतील तर रेडिओचा आवाज कमी करा, पण बंद करू नका.

आमच्या एका गटात २६ वर्षांची एक जण आहे. नाव-गाव सांगत नाही. तिला विचारूनच बोलतेय. स्तनात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, केस गेले. दवाखान्यातून घरी आली त्या रात्रीपासून नवऱ्यानं आपलं अंथरूण ओसरीवर टाकलं, ते सहा महिने तिथंच. मी त्याला नकोशी झाले, असं तिनं धरून टाकलं. मीटिंगला यायची, बचत भरायची आणि गप्प बसायची. एकदा वहीत सही करता करता रडू फुटलं, तेव्हा कळलं. मी माझ्या मिस्टरांना त्याच्याशी बोलायला पाठवलं. तो म्हणाला, "टाक्यांना धक्का लागंल म्हणून भ्यायलो. त्यात आई म्हणाली, लांब राहा, लागण होईल."

म्हणजे तिला वाटत होतं त्याला किळस येते, आणि तो तिला दुखू नये म्हणून लांब होता. मध्ये कुणी बोललंच नाही!

आधी लागणीचं सांगते. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, मुका घेतल्यानं किंवा संबंध ठेवल्यानं कॅन्सर एकाचा दुसऱ्याला होत नाही. मशीनखाली घेतलेल्या शेकाची किरणंही अंगात साठून राहत नाहीत, त्यामुळे घरी आल्यावर बायकोला, लेकराला जवळ घ्यायला हरकत नाही. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल मात्र गोंधळ होतो. तो ज्या एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, तो विषाणू संबंधातून पसरतो, हे खरं. पण तो बहुतेक माणसांना कधी ना कधी होऊन आपोआप जातो. त्यावरून बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणाऱ्या सासवा मी पाहिल्यात. त्यात काही तथ्य नाही.

आता काळजी कुठं घ्यायची ते. केमोच्या औषधाचा अंश काही दिवस शरीराच्या स्रावात राहू शकतो, म्हणून त्या दिवसांत निरोध वापरायचा. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारायचं. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट खूप कमी असतील, जखम भरायची असेल, तर थांबायचं. उपचार चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत, कारण औषधांनी पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते. पाळी थांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं समजू नका. आणि स्तनाचा कॅन्सर असेल तर पाळणा लांबवायच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत, त्यात हार्मोन असतात.

केमोनं, किंवा ओटीपोटाला शेक दिल्यानं, आतला भाग कोरडा पडतो आणि दुखतं. बायका दात-ओठ खाऊन सोसतात. सोसू नका. औषधाच्या दुकानात पाण्यासारखं जेल मिळतं, ते डॉक्टरांना विचारून लावा. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल नको, तेलानं निरोध फाटतो. इच्छाच होत नसेल तर तेही आजाराचं आणि थकव्याचं आहे, प्रेम आटल्याचं नाही. पुरुष आजारी असेल तर त्यालाही असा त्रास होतो, फक्त तो सांगत नाही. अशा दिवसांत हात हातात घेऊन झोपणं, केसांच्या जागी डोक्यावरून हात फिरवणं, एवढंही पुष्कळ असतं.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. काही उपचारांनी मूल होण्याची शक्ती जाऊ शकते, आणि हे पहिल्या केमोच्या आधी विचारायला हवं. पुरुषाचं बीज आधी काढून गोठवून ठेवता येतं, ते एक-दोन दिवसांचं काम. बाईचं बीज ठेवायला इंजेक्शनं घेऊन साधारण दोन आठवडे लागतात. खर्च येतो, ही सोय प्रत्येक ठिकाणी नाही, आणि कधी कधी आजार तेवढं थांबू देत नाही. तरी विचारल्यावर निदान ठरवता तरी येतं. आमच्या मैत्रिणीला हे कुणी सांगितलंच नाही.

लग्न न झालेल्यांचं वेगळं. रक्ताच्या कॅन्सरमधून बरी झालेली मुलं-मुली आता लग्नाच्या वयाची झालीत. स्थळ आलं की आईबाप म्हणतात, बोलू नका. माझं मत असं, की सांगावं. पहिल्याच दिवशी साऱ्या भावकीपुढं नाही, पण बोलणी पुढं सरकली की मुलानं किंवा मुलीनं स्वतः समोरच्याला सांगावं. दर काही महिन्यांनी तपासणीला जायचं असतं, ते आयुष्यभर लपवणार कसं? आणि मुलगा वॉर्डात असताना एखादी मैत्रीण भेटायला आली, तर तिला दारातून परत पाठवू नका. आजारात फोनवरचं कुणाचं तरी 'जेवलास का' त्याला किती लागतं, ते आपल्याला कळत नाही.

डॉक्टरांपुढं तोंड उघडत नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या मैत्रिणीचंही उघडलं नाही. मग तिनं वहीचं पान फाडून चार प्रश्न लिहिले आणि तो कागदच डॉक्टरबाईंपुढं सरकवला. बाईंनी वाचला, नवऱ्याला आत बोलावलं आणि दोघांना समोर बसवून नीट समजावलं. ओसरीवरचं अंथरूण त्याच आठवड्यात आत आलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच जास्तीची गोधडी काढून दिली.

पुढच्या बुधवारी शेळ्यांच्या विम्याबद्दल बोलू. नमस्कार.