सर्व संतांचे गाव आणि त्याची पुळण



वर्गात जगाचा नकाशा टांगला म्हणजे कर्कवृत्ताच्या रेषेवर पट्टी ठेवावयाची आणि त्या रेषेच्या आजूबाजूची गावे मुलांकडून शोधून घ्यावयाची, ही माझी जुनी सवय आहे. उज्जैनच्या किंचित उत्तरेकडून निघालेली ही पट्टी बंगाल, ब्रह्मदेश, दक्षिण चीन आणि तैवान ओलांडून पॅसिफिक महासागरात शिरते. मग कितीतरी वेळ निळा रंगच लागतो आणि मुले कंटाळतात. शेवटी जमीन लागते ती मेक्सिको देशाच्या एका चिंचोळ्या द्वीपकल्पाची. या द्वीपकल्पाचे नाव बाहा कॅलिफोर्निया, आणि रेषेला अगदी खेटून वसलेल्या गावाचे नाव तोदोस सांतोस, म्हणजे 'सर्व संत'. इंदूर-उज्जैनच्या श्रोत्यांना हे गाव अक्षांशाच्या नात्याने शेजारचेच म्हणावयास हरकत नाही. आज त्याचीच हकीकत सांगावयाची आहे.

अक्षांश एक असला तरी हवामान मात्र अगदी निराळे. किनाऱ्यालगत उत्तरेकडून थंड सागरी प्रवाह वाहतो, त्यामुळे पाऊस वर्षाकाठी जेमतेम काही इंच, आणि तोही बहुधा ऑगस्ट ते ऑक्टोबरमधील चक्रीवादळांच्या कृपेने. चोहीकडे निवडुंगाचे रान. अशा रखरखाटात हे गाव हिरवे राहिले ते पूर्वेकडील सिएरा दे ला लागूना या पर्वतामुळे. तेथे पडलेले पाणी जमिनीत मुरते आणि गावाजवळ झऱ्याच्या रूपाने वर येते. या पाण्याच्या ओढीनेच १७२३ साली जेझुइट धर्मगुरूंनी येथे शेतीचा मळा वसविला, आणि १७३३ मध्ये येथे स्वतंत्र मिशन झाले. पुढे एकोणिसाव्या शतकात उसाची लागवड वाढली. तेथे 'पानोचा' नावाची साखरेची ढेप करीत. आपल्याकडे तिला सरळ गूळच म्हटले असते. गुऱ्हाळांची विटांची धुरांडी गावात अजून उभी आहेत. १९५०च्या सुमारास झरा आटला, ऊस गेला, आणि शेवटचे गुऱ्हाळ १९६५ मध्ये बंद पडले. पुढे १९८०च्या सुमारास झरा पुन्हा वाहू लागला, पण ऊस काही परत आला नाही. त्याच्या जागी भाजीपाला, मिरची, पपई आणि आमराया आल्या. आंबा मेक्सिकोत गेला तो फिलिपाइन्सहून येणाऱ्या गलबतांतून, आणि आपल्याकडे पपई, मिरची, काजू आले ते पोर्तुगीजांच्या गलबतांतून अमेरिकेकडून. चिकू हे फळही मेक्सिकोचे, आणि त्याच्या नावाचे मूळही तिकडच्याच भाषेत. असो.

गावापासून थोड्या अंतरावर पुंता लोबोस नावाची पुळण आहे. येथे धक्का नाही, बंदर नाही. समोर उघडा महासागर आणि किनाऱ्यावर फुटणाऱ्या प्रचंड लाटा. तरीही गावातील कोळी पिढ्यान्पिढ्या येथूनच समुद्रावर जातात. त्यांच्या होडीला 'पांगा' म्हणतात. ती काचतंतूची, उघडी, वीस-बावीस फूट लांबीची असते आणि मागे यंत्र बसविलेले असते. पहाटेच्या अंधारात होडी पाण्याच्या काठाशी आणतात. तांडेल यंत्राजवळ उभा राहून लाटांकडे टक लावून पाहत राहतो. मोठ्या लाटा ओळीने येतात आणि त्यांच्यामागून थोडा वेळ पाणी शांत होते. तेवढ्या उसंतीत होडी लोटावयाची आणि पुढची ओळ येण्याच्या आत लाटांची फूट पार करावयाची. क्षणाची चूक झाली तर होडी आडवी होते.

परतणे याहूनही अवघड. दुपारी होड्या लाटांच्या पलीकडे येऊन थांबतात. तांडेल पुन्हा लाटा मोजतो, मग यंत्र पूर्ण वेगात सोडून एका लाटेच्या पाठीवर होडी घालतो, आणि ती त्या झपाट्यासरशी वाळूवर दूरवर चढून थांबते. तिला थांबण्यासाठी रुंद, उतरती, मोकळी पुळण लागते. हे वाक्य श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढचा सारा तंटा त्यातूनच निघाला. होडी थांबताच पाणपक्षी भोवती गोळा होतात, बर्फ भरलेल्या गाड्या जवळ येतात, तांबूस आणि सुरमईच्या जातीची मासळी मोजली जाते, गावची माणसे संध्याकाळच्या कालवणापुरती चार मासळी घेऊन जातात. हिवाळ्यात याच पाण्यातून करडे देवमासे जातात. जवळच्या वाळूत कासवे अंडी घालतात. थंडीत वाळू फार गार होते म्हणून गावकरी ती अंडी पारदर्शक छताखाली उबेला ठेवतात, आणि पिल्ले निघाली म्हणजे तिन्हीसांजेला समुद्रात सोडतात.

आता पाहुण्यांकडे वळू. मेक्सिको सरकारने १९७४ मध्ये पर्यटनाच्या विकासासाठी फोनातुर ही संस्था स्थापिली. कान्कून, इश्तापा, लोस काबोस अशी ठिकाणे तिने ठरवून उभारली. लोस काबोस हे याच द्वीपकल्पाचे दक्षिण टोक, आणि तोदोस सांतोस तेथून मोटारीने तासा-दीडतासाच्या अंतरावर. १९८०नंतरच्या दशकात पक्की सडक झाली, चित्रकार आले, जुन्या विटांच्या वाड्यांत चित्रशाळा निघाल्या. २००६ मध्ये सरकारने गावाला 'जादुई गाव' ही पदवी दिली. (अशी पदवी मिळाली म्हणजे पहिली जादू भाड्यांवर होते!) पुढे सडक चौपदरी झाली. घरभाडे अमेरिकन डॉलरांत मागितले जाऊ लागले आणि पगार मात्र पेसोंतच राहिला. या एका वाक्यात गावच्या तरुण कुटुंबांची अडचण सामावलेली आहे.

येथे कोणी विचारील की, किनारा तर सरकारचा, मग परकीयांची घरे तेथे होतात कशी? प्रश्न रास्त आहे. मेक्सिकोच्या १९१७ सालच्या राज्यघटनेचे २७वे कलम असे सांगते की, समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटरपर्यंतची जमीन परकीयास थेट मालकीने घेता येणार नाही. पण वाट अशी काढली आहे की, जमीन बँकेच्या नावाने विश्वस्तनिधीत ठेवावयाची आणि उपभोग परकीयाने घ्यावयाचा. १९९३च्या कायद्यान्वये ही मुदत ५० वर्षांची झाली आणि ती वाढवूनही मिळते. दुसरी गोष्ट 'एहिदो' जमिनींची. क्रांतीनंतर शेतकऱ्यांच्या समूहांना दिलेल्या या सामाईक जमिनी. गोव्यातील गांवकारीशी त्यांचे स्वरूप अगदी जुळत नाही, पण 'गावाची जमीन' ही भावना तीच. या जमिनी विकता येत नसत. १९९२ मध्ये घटनेत दुरुस्ती झाली आणि त्या खाजगी करून विकण्याचा मार्ग मोकळा झाला. पुळण तेवढी सार्वजनिक राहिली: भरतीच्या रेषेपासून आत २० मीटरची पट्टी राष्ट्राची, तीवर कोणाची मालकी नाही. परंतु सरकार तिचा वापर करण्याचा परवाना देऊ शकते, आणि मागची जमीन ज्याची, तो वाट अडवू शकतो. कागदावर सर्वांची असलेली पुळण अशा रीतीने प्रत्यक्षात मूठभरांची होते. पुळणीची वाट अडविणाऱ्यास दंड करण्याची तरतूद २०२० मध्ये करावी लागली, यावरूनच दुखणे किती जुने होते ते दिसते.

पुंता लोबोसच्या मागे ट्रेस सांतोस नावाचा मोठा गृहप्रकल्प अमेरिकन भांडवलाने आखला गेला. त्याच्या आराखड्यात काही हजार घरे होती, आणि गावाची लोकसंख्या मात्र दहा हजारांच्या आतली. पहिले काम म्हणून पुळणीलगत हॉटेल उठू लागले आणि त्याच्या रक्षणासाठी समुद्राच्या बाजूस भिंत आली. येथे भूगोलाच्या शिक्षकाला थोडे बोलण्याची परवानगी असावी. पुळणीमागील वाळूची टेकाडे म्हणजे समुद्राची पेढी होय. वादळात लाटा तेथून वाळू उचलतात, शांत ऋतूत ती परत आणून ठेवतात. मध्ये भिंत घातली म्हणजे हा व्यवहार तुटतो. लाट भिंतीवर आपटून उलटते आणि पायाखालची वाळू घेऊन जाते. कोळ्यांचे म्हणणे होते की, भिंतीमुळे पुळण अरुंद झाली आणि होड्यांना थांबावयास जागा उरली नाही. प्रकल्पवाल्यांनी दोष वादळांकडे लावला. २०१४च्या सप्टेंबरात ओदिल हे चक्रीवादळ या भागावरून गेले होते, हे खरे. पण वादळे या किनाऱ्यावर पूर्वीही येत होती आणि होड्या तरीही वाळूवर थांबत होत्या. माझ्या मते कोळ्यांचे निरीक्षण हलके लेखण्याजोगे नव्हते. रोज त्याच वाळूवर जीव टाकून उतरणाऱ्याला तिची रुंदी कोणी मोजून सांगावी लागत नाही.

२०१६च्या आरंभी कोळ्यांनी बांधकामाची वाट अडवून तळ ठोकला. तो अनेक आठवडे चालला. शेवटी पोलिसांनी वाट मोकळी केली. कोळ्यांच्या वकिलाला २०१७ मध्ये अटक झाली आणि सुमारे तीन महिन्यांनी त्याची सुटका झाली. गावात सगळ्यांचे एकमत होते असे मात्र समजू नये. कोळ्यांतही दोन तट पडले. हॉटेलात नोकरी मिळेल, मुलाला समुद्राशी झुंजावे लागणार नाही, असे म्हणणाऱ्या आईबापांना नावे ठेवणे सोपे. पण त्यांचीही बाजू होती.

तंट्याचे दुसरे आणि अधिक खोल कारण पाणी. गावाला पाणी त्या एका पर्वताचेच. ते घराघरांत टाक्यांत साठवून ठेवतात आणि कमी पडले तर टँकरचे विकत घेतात. तेवढ्याच पाण्यावर आमराया आहेत, निर्यातीच्या भाजीचे मळे आहेत, आणि आता पोहण्याचे तलावही. यावर तोडगा म्हणून समुद्राचे पाणी गोडे करण्याचे कारखाने सुचविले जातात. काबो सान लुकास येथे असा कारखाना या शतकाच्या पहिल्या दशकातच सुरू झाला. पण त्याला वीज फार लागते, आणि उरलेले अतिखारट पाणी पुन्हा समुद्रातच, म्हणजे मासळीच्या घरात, सोडावे लागते. एकदा झरा आटलेला पाहिलेल्या गावाला या विषयाची धास्ती वाटावी, यात नवल नाही.

याच द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर काबो पुल्मो नावाचे एक खेडे आहे. तेथील कोळ्यांनी प्रवाळांवरील मासळी संपत आल्याचे पाहून स्वतःच मासेमारी बंद करण्याचे मनावर घेतले, आणि १९९५ मध्ये सरकारने ७,१११ हेक्टरांचे सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित केले. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तेथील मासळीचे एकूण वजन चौपटीहून अधिक वाढल्याचे शास्त्रज्ञांनी मोजले. कोळी पाणबुड्यांचे वाटाडे झाले. या उद्यानाच्या शेजारी हजारो खोल्यांची वसाहत उभारण्याचा काबो कोर्तेस हा प्रकल्प आला तेव्हा गावकरी आणि शास्त्रज्ञ एकत्र उभे राहिले, आणि २०१२च्या जून महिन्यात राष्ट्राध्यक्ष काल्देरोन यांनी तो रद्द झाल्याचे जाहीर केले. तोदोस सांतोसला तसे बळ लाभले नाही. तेथे कोळी होते, पण मोजलेले आकडे पुढे ठेवणारा कोणी वेळेवर मिळाला नाही, आणि पुळणीला उद्यानाचे कवच नव्हते.

पुंता लोबोसवरील हॉटेल २०१७ मध्ये उघडले. त्याच्या गच्चीवरून दुपारी पांगा वाळूवर चढताना दिसतात. पाहुणे ते दृश्य पाहावयास उभे राहतात, आणि खाली तांडेल लाटा मोजीत असतो.