पडद्यावरचा वाघ, धुऱ्यावरचा वाघ

मंडळी, वाघाचा सिनेमा आला की चंद्रपूर-गडचिरोलीचा माणूस तो जरा तिरक्या नजरेनंच पाहतो. २०२१ चा ‘शेरनी’ घ्या. २०१८ च्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात मारल्या गेलेल्या अवनी वाघिणीची आठवण करून देणारी गोष्ट. चित्रीकरण मात्र मध्य प्रदेशात. चराईची जागा रोपवनात गेली म्हणून गुरं जंगलात न्यावी लागतात, हे त्यात दाखवलंय, तेवढं खरं. पण सारी कथा वनअधिकारी बाईंची. ज्याच्या घरचा माणूस गेला, त्याच्या दारात कॅमेरा फारसा थांबतच नाही.

ताडोब्यावरच्या बहुतेक माहितीपटांचं तर विचारूच नका. पाणवठा, बछडे, जिप्सी अन् मागे बासरी! पहाटे मोहफुलं वेचणारी बाई, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणारी माणसं, रात्री लाइन आली म्हणून धानाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी, हे कुठंच नाहीत.

झाडीपट्टीत नाटक फसलं तर प्रेक्षक मांडवातच सुनावतो. वडशाच्या नाटकमंडळ्यांना हे पक्कं ठाऊक. सिनेमावाल्यांना ती धास्ती नाही. म्हणून सरपंच, पोलीस पाटील, कॅमेरा घेऊन कुणी गावात आलंच, तर त्यांना एकदा धुऱ्यावर न्या, अन् पंचनाम्याच्या दिवशीही बोलवा.