माळावरचं काळवीट कुणाच्या मालकीचं?

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज. रब्बीची ज्वारी वीतभर वर आली की इथली काळविटं माळ सोडून रानात उतरतात, कोवळे शेंडे खुडतात आणि कुणी हाकारलं की चार उड्यांत बांधापलीकडे जातात. शेतकरी डबे वाजवतो, फटाके लावतो, बांधावर जुन्या साड्या ताणतो. दुसऱ्या दिवशी कळप पुन्हा हजर. अशा वेळी एखादा हमखास म्हणतो, "अमेरिकेत ह्याच जनावराच्या शिकारीला लोक डॉलर मोजतात. आपण कुंपण घालून शिकारीचा तसला रँच का काढू नये?"

प्रश्न चुकीचा नाही. त्यामागे गृहीत धरलेल्या बऱ्याच गोष्टी मात्र चुकीच्या आहेत.

"जमीन माझी, कुंपण माझं, म्हणजे आतलं जनावरही माझं"

दक्षिण आफ्रिकेत हे जवळजवळ खरं आहे. तिथल्या १९९१च्या कायद्यानं पक्कं कुंपण घातलेल्या जमिनीतल्या वन्यप्राण्यांवर जमीनमालकाचा हक्क मान्य केला. तिथला रँचचा धंदा ह्या मालकीवर उभा आहे: जनावर विकता येतं, लिलावात घेता येतं, शिकाऱ्याकडून पैसे घेता येतात.

आपल्याकडे नेमक्या त्याच वर्षी उलटं घडलं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवाना काढून काही प्राण्यांच्या शिकारीची सोय होती. १९९१च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली. काळवीट अनुसूची एकमध्ये आहे. त्याची शिकार केली तर तीन ते सात वर्षं कैद. बेकायदा पकडलेला, पाळलेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता ठरतो. म्हणजे शंभर एकर तुमच्या नावावर असले आणि त्यात दोनशे काळविटं चरत असली, तरी त्यातल्या एकाचं शिंगही तुमचं नाही. पीक मात्र तुमचंच जातं.

"खासगी शिकारी राखीव जंगल ही परदेशी कल्पना"

तेवढं लांब जायला नको. राधानगरी-दाजीपूरचं जंगल हे कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ साली त्याचं अभयारण्य झालं, तेही गव्यांसाठी. कोल्हापूरचे चित्तेवान तर प्रसिद्धच होते. शिकवलेला चित्ता डोळ्यांवर टोपी चढवून गाड्यावरून माळावर न्यायचा, कळप दिसला की टोपी काढायची आणि त्याला काळविटामागे सोडायचं. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा संस्थानानं ते आफ्रिकेतून मागवले. ह्यातली गंमत पाहा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आफ्रिकेतला चित्ता कोल्हापुरात आला, इथल्या काळविटाची शिकार करायला. त्याच सुमारास, १९३२मध्ये, इथलं काळवीट टेक्सासला गेलं. तेही शेवटी शिकारीसाठीच.

"टेक्सासच्या रँचनी काळवीट वाचवलं" किंवा "रँच म्हणजे नुसता कत्तलखाना"

दोन्ही बाजूंचे लोक अर्धंच सांगतात. टेक्सासमध्ये परदेशी प्राण्याच्या शिकारीला ना हंगामाची अट, ना संख्येची. काळवीट तिथे जवळपास गुराढोरांसारखं धरलं जातं. तिथे ते हजारोंनी वाढलं हे खरं. १९७०च्या सुमारास पाकिस्तानातून काळवीट नाहीसं झालं होतं, तेव्हा तिथल्या लाल सुहानरा उद्यानासाठी टेक्सासमधूनच जनावरं पाठवली गेली. हेही खरं, आणि नाकारण्यात अर्थ नाही. पण भारतात, सोलापुरात, काळवीट टेक्साससाठी थांबलं नव्हतं. ते इथे टिकलं शिकारबंदीमुळे आणि ज्यांचं पीक खाल्लं जातं त्या लोकांच्या सोसण्यामुळे.

पांढऱ्या गेंड्याचंही असंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडचे पांढरे गेंडे शंभराच्या आत उरले होते. ते वाचले सरकारी राखीव जंगलात. १९६०च्या दशकापासून तिथून पकडून इतरत्र नेले, खासगी मालकांनाही दिले, आणि आज दक्षिण आफ्रिकेतले निम्म्याहून जास्त खासगी जमिनीवर आहेत. आधी सरकारनं वाचवले, मग खासगी जमिनीनं वाढवले. क्रम उलटा करून सांगितला की गोष्ट खोटी होते.

त्याच देशात पिंजऱ्यात वाढवलेले सिंह छोट्या आवारात सोडून मारायचा धंदाही फोफावला. काळ्या रंगाचे इम्पाला, सोनेरी विल्डबीस्ट अशा वेगळ्या रंगाच्या पैदाशीवर लोकांनी अफाट पैसे लावले, आणि २०१६च्या आसपास भाव कोसळले. ज्यांनी आपल्याकडची इमूपालनाची लाट पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. पक्षी आले, अंडी आली, गिऱ्हाईक आलंच नाही. खाद्याचा खर्च परवडेना म्हणून शेवटी पक्षी सोडून द्यायची पाळी आली. बाजारभावावर टिकलेला प्राणी भाव पडला की अडगळ होतो. त्याला निसर्गसंवर्धन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

"पारध्यांनी माळढोक संपवला"

नान्नजचं नाव देशभर झालं ते काळविटामुळे नव्हे, माळढोकामुळे. मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी जमिनीवर एकच अंडं घालतो, तेही उघड्या माळावर. नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, त्यावरून त्याला हूम असंही म्हणतात. आज देशात ते दीडशेच्याही आत आहेत, बहुतेक राजस्थानात. नान्नजला क्वचित एखादा दिसला तर बातमी होते.

फासेपारध्यांनी माळढोक पकडले, ह्यात शंका नाही. तो त्यांच्या पोटाचा उद्योग होता. पण बंदुका घेऊन, पुढे जीप घेऊन मागे लागले ते साहेब आणि हौशी शिकारी. १८७१च्या कायद्यानं पारध्यांसारख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तारेच्या कुंपणातल्या वसाहतीची आठवण सोलापुरात अजून 'सेटलमेंट' ह्या वस्तीच्या नावात आहे. १९५२ साली ते मुक्त झाले, संशय मात्र चिकटून राहिला.

आणि मुख्य मुद्दा हा की शिकार थांबल्यावरही माळढोक कमीच होत गेला. उजनी धरणाचं पाणी आलं, कोरडवाहू ज्वारी-करडईच्या जागी ऊस आला. माळावर विजेच्या तारा आल्या. ह्या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, वजनामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. त्यात माळाला 'पडीक' समजून तिथे झाडं लावली गेली. कुसळी, पवन्या असल्या गवताचा माळ म्हणजे मोडलेलं जंगल नव्हे. तो स्वतःच एक पूर्ण अधिवास आहे. माळढोकाला चहूकडे लांबवर मोकळं दिसायला हवं, तिथे ग्लिरिसिडियाच्या रांगा उभ्या राहिल्या. चांगल्या हेतूनं केलेलं नुकसान कुणाच्या खात्यावर मांडत नाहीत, म्हणून ते पारध्यांच्या खात्यावर मांडणं सोपं जातं.

वर्षाला एखादं अंडं देणाऱ्या पक्ष्याचा रँच होत नाही, हे इथे सांगायला हवं. विकायला वाढावाच नाही. म्हणूनच जैसलमेरकडे सरकारनं २०१९पासून अंडी उबवून पिल्लं वाढवायचं काम हाती घेतलं, तेही बिनफायद्याचं.

"अभयारण्य जेवढं मोठं, तेवढे प्राणी सुरक्षित"

माळढोक अभयारण्य १९७९ला जाहीर झालं तेव्हा कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले तालुकेच्या तालुके त्यात आले. त्यातली बहुतेक जमीन लोकांच्या सातबाऱ्यावरची. जमीन विकायची, कारखाना काढायचा, रस्ता करायचा, की परवानगी. बदल्यात शेतकऱ्याला काय? काहीच नाही. पक्षी दिसला तर कुणाला सांगायचं कशाला, अशी भावना ह्यातून रुजली, आणि त्यात मला नवल वाटत नाही. २०१२ला हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. मधली तेहेतीस वर्षं पक्ष्याबद्दलचा राग मात्र साचत गेला.

रँचवाल्यांचं एक म्हणणं इथे मला पटतं: प्राणी ज्याच्या जमिनीवर जगतो त्याला त्यातून काही मिळालं पाहिजे. ते शिकारीतूनच मिळायला हवं, एवढं मात्र पटत नाही. आपल्या कायद्यातही २००२च्या दुरुस्तीपासून कलम ३६ क प्रमाणे समूह राखीव क्षेत्राची तरतूद आहे. खासगी किंवा गावकीच्या जमिनीवर, मालकांच्या संमतीनं, शिकारीशिवाय. माळ असलेल्या गावांनी तिच्याकडे बघायला हरकत नाही.

"पिकात शिरलेलं हरीण मारायची परवानगी मिळते"

रानडुकराच्या आणि नीलगायीच्या बाबतीत पिकाच्या नुकसानीवरून अशी परवानगी मागता येते. काळविटाच्या बाबतीत नाही. अनुसूची एकमधला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगी असला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक तसा हुकूम देऊ शकतात. शेंडे खाणं त्यात बसत नाही. शेतकऱ्याच्या हातात राहतो तो नुकसानभरपाईचा अर्ज. शेत पुन्हा नांगरायच्या आत, खुडलेले शेंडे आणि खुरांचे ठसे जागेवर असतानाच वनविभागाला कळवायचं आणि पंचनामा करून घ्यायचा. दोन दिवसांनी पाणी दिलं की ठसे जातात, आणि मग नुकसान सिद्ध करणं अवघड.