गटाची पिकअप: आधी वही, मग गाडी



गटांच्या बैठकांमधून एक प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतोय. "आता गटाची स्वतःची पिकअप घेऊ या का? आणि घ्यायची तर कोणती?" प्रश्नामागचं कारण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. टोमॅटोचे क्रेट भरून बांधावर ठेवलेले असतात आणि ठरवलेली गाडी येत नाही. आली तर ऐन वेळी भाडं वाढवून मागते. बाजारात पोचेपर्यंत भाव उतरलेला असतो. मग वाटतं, आपलीच गाडी असती तर!

वाटणं बरोबर आहे. पण पिकअप म्हणजे आपल्या कित्येक वर्षांच्या बचतीपेक्षा मोठी रक्कम. म्हणून आज आपण डिझेल पिकअप कशी पारखायची ते बघू. शोरूममध्ये दोन आकडे मोठ्यानं सांगतात, ताकद आणि अ‍ॅव्हरेज. हे दोन्ही आकडे आपल्या मालाला आणि आपल्या रस्त्याला लावून बघितले, तरच उपयोगाचे.

आपला माल किती किलो?

गाडी बघायला जाण्याआधी वही काढा. एका फेरीला आपला माल किती भरतो ते लिहा. टोमॅटोचा क्रेट आपण वीस किलोचा धरतो, पण रिकामा क्रेटही दीड-दोन किलोचा असतो. म्हणजे ६० क्रेट १२०० किलो नव्हेत, १३२० किलोपर्यंत जातात. कांद्याची गोणी ५० किलोची धरली तर २५ गोण्यांचे १२५० किलो झाले. कोथिंबीर, मेथी, पापड, शेवया यांचं उलटं असतं. वजन थोडं, पण जागा मोठी लागते. तिथे ताकदीपेक्षा हौद्याची लांबी महत्त्वाची.

आता बाजारातल्या गाड्या. २००५ साली टाटांची एस आली, तिला आपण छोटा हत्ती म्हणतो. ती साधारण पाऊण टनाची. तिच्या वर अशोक लेलँडची दोस्त, टाटांची इंट्रा अशा गाड्या, मॉडेलप्रमाणे एक-दीड टनाच्या आसपास. त्याहून दणकट म्हणजे महिंद्राची बोलेरो पिकअप आणि टाटांची योद्धा. एकाच नावाच्या गाडीत कमीजास्त वजनाची मॉडेलं असतात. म्हणून नाव विचारून थांबू नका, मॉडेल विचारा.

कागद काय म्हणतो?

गाडीच्या आरसी बुकात दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं, दुसरं भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त. दुसऱ्यातून पहिलं वजा करा. उरलं तेवढंच कायद्यानं भरता येतं.

उदाहरण घेऊ. भरलेलं वजन २९९० किलो आणि रिकामं १६९० किलो असेल, तर उरले १३००. पण रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो. ड्रायव्हर आणि सोबत आपली एक बाई यांचे सव्वाशे किलो काढा. राहिले ११७५. म्हणजे २२ किलोचे ५३ क्रेट, ६० नव्हेत. वर लोखंडी जाळी आणि ताडपत्रीचा सांगाडा बसवला तर त्याचंही वजन यातूनच जाणार.

"सगळेच जास्त भरतात, पाटे वाढवून घेतले की झालं," असं सांगणारे भेटतील. पाट्यांनी गाडी वाकायची थांबते, पण ब्रेक तेवढेच राहतात, टायर तेवढेच राहतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे, शिवाय वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये, आणि जादा माल उतरवायचा खर्चही आपलाच. एका फेरीचा नफा सोडा, महिन्याचा जाईल.

आणखी एक गोष्ट. भरलेलं वजन ३००० किलोपर्यंत असेल तर त्या मालगाडीला परमिट लागत नाही. त्याच्या वर लागतं. दोन गाड्यांमध्ये मन अडकलं असेल तर हेही धरा.

ताकद म्हणजे काय?

माहितीपत्रकात ताकदीचे दोन आकडे असतात. एक हॉर्सपॉवर, दुसरा टॉर्क. टॉर्क न्यूटन मीटरमध्ये लिहितात. आपल्या भाषेत सांगायचं तर एक घोड्याचा आकडा आणि एक बैलाचा. घोडा वेगानं पळतो, बैल चिखलातून भरली गाडी ओढून काढतो. आपल्याला बैलाचा आकडा हवा. डिझेल इंजिनाचा गुणच तो आहे. कमी फेऱ्यांवर फिरत असतानाही ते जोरानं ओढतं. म्हणून फक्त टॉर्क किती हे विचारू नका, तो किती आरपीएमवर मिळतो तेही विचारा. कमी आरपीएमवर मिळत असेल तर चढाला गाडी सारखी पहिल्या गिअरवर येणार नाही, आणि डिझेलही वाचेल.

पण आपला रस्ता कुठे चढतो आणि कुठे उतरतो, हेही बघायला हवं. जुन्नर-ओतूर भागातून माळशेज घाटानं कल्याणला माल जातो तेव्हा गाडी भरलेली असताना घाट उतरते आणि रिकामी असताना चढते. तिथे ओढीपेक्षा ब्रेक आणि टायर यांना जास्त मोल. रत्नागिरीचा आंबा आंबा घाटानं कोल्हापूरला जातो तेव्हा उलट होतं, भरली गाडी घाट चढते. तिथे टॉर्क आधी बघायचा.

घाट उतरताना काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात. हे कधीही करू देऊ नका. आताच्या डिझेल गाड्यांत गिअर टाकलेला ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाला डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे बचत काहीच नाही, आणि गाडी धरायला फक्त ब्रेक उरतो, तोही तापलेला.

अ‍ॅव्हरेजचा खरा हिशेब

"ही गाडी जास्त अ‍ॅव्हरेज देते" म्हणजे स्वस्त पडते, असं नसतं. आपल्याला किलोमीटर विकायचे नाहीत, माल विकायचा आहे. म्हणून एक किलो माल बाजारात पोचवायला डिझेल किती रुपयांचं लागलं, ते काढा.

हिशेबासाठी काही आकडे धरून चालू. डिझेल ९० रुपये लिटर. जाऊन-येऊन १५० किलोमीटर. छोटी गाडी ७५० किलो नेते आणि लिटरला १८ किलोमीटर चालते. मोठी १५०० किलो नेते आणि लिटरला १२ चालते.

छोटीला एका फेरीला ७५० रुपयांचं डिझेल लागलं, मोठीला ११२५ रुपयांचं. आता माल १५०० किलो असेल तर छोटीच्या दोन फेऱ्या होणार, १५०० रुपये. किलोमागे एक रुपया. मोठी एकाच फेरीत नेणार, किलोमागे ७५ पैसे. कमी अ‍ॅव्हरेजची गाडी इथे स्वस्त पडली.

पण माल रोज ५०० किलोच असेल तर? छोटीत किलोमागे दीड रुपया आणि मोठीत सव्वादोन रुपये. आता छोटी स्वस्त. गाड्या त्याच, रस्ता तोच. बदलला तो आपला माल. म्हणूनच आधी वही.

दुसऱ्या कोणाच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज ऐकून ठरवू नका. आपल्या मालाइतक्या वाळूच्या गोण्या टाकून, आपल्याच रस्त्यावर गाडी चालवून बघायला मागा. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा, फिरून या, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा बसलेलं डिझेल, हे खरं अ‍ॅव्हरेज. विक्रेता तयार नसेल तर तीच गाडी वापरणाऱ्या जवळच्या एखाद्या शेतकऱ्याला एका फेरीचं भाडं द्या आणि सोबत जा. तेवढे पैसे वाया जात नाहीत.

त्याच वेळी फाळका खाली पाडून हौद्याची उंची बघा. क्रेट उचलणार आपण बायकाच. हौदा छातीपर्यंत येत असेल तर साठाव्या क्रेटला पाठ बोलते.

मागे ट्रॉली जोडायची का?

काही गटांनी विचारलंय, पिकअपच्या मागे पाण्याची टाकी किंवा मळणी यंत्र ओढता येईल का? पाण्याचं वजन सोपं आहे, एक लिटर म्हणजे एक किलो. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन पाणी, वर टाकी आणि चाकांचं वजन. अर्धी भरलेली टाकी तर आणखी वाईट, कारण वळणावर पाणी हिंदकळतं आणि गाडीला ढकलतं.

कंपनीच्या पुस्तकात किती वजन ओढता येईल ते लिहिलेलं नसेल, तर वेल्डिंगवाल्याकडून हूक बसवून घेऊ नका. ट्रॉलीची आरटीओकडे वेगळी नोंदणी लागते, तिचा विमाही बघावा लागतो. ओढायच्या कामाला ट्रॅक्टर, वाहून न्यायच्या कामाला पिकअप. बहुतेक गटांना हेच परवडेल.

जवळच्या फेऱ्या आणि डिझेल

एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ नियमाच्या आहेत. या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते, मेकॅनिक तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग, तापून चालावी लागते. गाडी रोज चार-पाच किलोमीटरच जाणार असेल, दूध डेअरीवर टाकून परत, तर ही जाळी तुंबते आणि खर्च निघतो. अशा कामाला सीएनजी किंवा बॅटरीची गाडी बघावी. जवळपास सीएनजीचा पंप हवा, एवढंच.

काही गाड्यांत डीईएफ नावाचं द्रव टाकायला वेगळी टाकी असते. त्यात युरिया असतो, पण शुद्ध केलेला. आपल्या खताच्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवून त्यात कधीही टाकू नका.

घ्यायची की भाड्याचीच बरी?

आता मुख्य हिशेब. समजा गाडीसाठी आठ लाखांचं कर्ज काढलं, पाच वर्षांसाठी, ११ टक्क्यांनी. महिन्याचा हप्ता साधारण १७,४०० रुपये येतो. ड्रायव्हरचा पगार १२,००० धरा. विमा, कर, टायर, सर्व्हिसिंग मिळून महिन्याला ५,६०० बाजूला काढा. झाले ३५,०००. गाडी दारात उभी राहिली तरी हे द्यायचेच.

भाड्याची गाडी फेरीला ३,५०० घेते असं धरू. आपल्या गाडीला डिझेल आणि टोल मिळून १,५०० लागतात. म्हणजे एका फेरीला २,००० वाचले. ३५,००० भागिले २,०००, साडेसतरा. महिन्याला १८ फेऱ्या असतील तरच गाडी स्वतःचं पोट भरते. तेही बारा महिने. टोमॅटोच्या हंगामात २५ फेऱ्या झाल्या म्हणून हुरळायचं नाही, कारण हप्ता हंगाम संपल्यावरही येतो.

तुमचे आकडे वेगळे असतील. ते घालून बघा. फेऱ्या कमी पडत असतील तर शेजारच्या दोन-तीन गटांना सोबत घ्या, किंवा भाड्याच्या गाडीशी हंगामापुरता लेखी करार करा. हिशेब करून गाडी न घेणं हाही शहाणपणाचाच निर्णय असतो.

नाव, लायसन्स आणि हौदा

गाडी कोणाच्या नावावर, हे पैसे भरण्याआधी ठरवा. हप्ता दहा जणींनी भरायचा आणि आरसी बुकावर एकीच्या नवऱ्याचं नाव, असं झालं तर उद्या वाद झाल्यावर कागद त्याच्याच बाजूनं बोलेल. संस्था नोंदलेली असेल तर गाडी तिच्या नावावर घ्या. नसेल तर आधी नोंदणीचं बघा.

ड्रायव्हर पुरुषच हवा असंही नाही. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय. गटातल्या दोघी जरी शिकल्या तरी १२,००० रुपयांचा पगार घरात राहील.

आणि शेवटचं, पण मनावर घ्या. आपली गाडी झाली की आठवडी बाजाराला, लग्नाला, जत्रेला दहाबारा जणी हौद्यात बसून निघतील. मालगाडीचा हौदा माणसांसाठी नाही. अपघात झाला तर मागे बसलेल्या बाईसाठी विमा कंपनी हात वर करू शकते, आणि भरपाई गाडीच्या मालकावर येते. मालक म्हणजे आपला गट. मालासोबत जाणारी बाई केबिनमध्ये, सीटवर बसेल. हा नियम पहिल्याच बैठकीत ठरावात लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत तीन आकडे काढा. एका फेरीचे किलो, महिन्याच्या फेऱ्या आणि आत्ता आपण देतो ते भाडं. निदान दोन महिने रोज लिहा. मग शोरूमची पायरी चढा. वही हातात असेल तर कोणती गाडी घ्यायची हे तुम्ही त्यांना सांगाल.