डेल्को, पॉइंट आणि ‘मूळ’ एंजिन

मुंबईच्या उपनगरांत जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या बोलण्यात ‘डेल्को’ हा शब्द आढळतो. प्रत्येक प्लगला क्रमाने विद्युत्प्रवाह वाटून देणारा भाग, म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, हा त्याचा अर्थ. मुळात ही डेटन एंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी या अमेरिकन संस्थेच्या नावातील आद्याक्षरे होत. चार्ल्स केटरिंग याने तेथे सिद्ध केलेली बॅटरीवरील ज्वलनपद्धती 1910च्या सुमारास कॅडिलॅक गाडीत आली आणि पुढे जगभर रूढ झाली. डालडा या विशेषनामाचे आपल्याकडे सामान्यनाम झाले, तशीच ही गोष्ट. शब्द टिकला, मात्र ज्या वस्तूला तो चिकटला तिचे अंतरंग आता बदलत आहे. त्या बदलाचे स्वरूप समजल्याखेरीज या शब्दांचा अर्थही नीट लागत नाही.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट 1100, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, हे आपल्या परिसरातील सर्वांत परिचित उदाहरण. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी. तिचे एंजिन 1089 घनसेंटिमीटरचे. बॅटरीचा 12 व्होल्टचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून वाहतो व तेथे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. डेल्कोतील दोन धातूंचे टोक, कारागिरांच्या भाषेत ‘पॉइंट’, कॅमच्या धक्क्याने विलग झाले की प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगवर ठिणगी पडते. चार सिलिंडरांचे एंजिन मिनिटाला 4000 फेरे घेत असेल, तर ही उघडझाप मिनिटाला 8000 वेळा व्हावी लागते. या टोकांमधील फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. टोके जळतात, कॅमवर घासणारी टाच झिजते, फट आकसते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. गाडी ‘मिस’ मारते ती पुष्कळदा यामुळेच.

यावर इलेक्ट्रॉनिक उपाय दोन पायऱ्यांनी आला. पहिल्या पायरीत पॉइंट राहिले; पण कॉइलचा जड प्रवाह तोडण्याचे काम ट्रान्झिस्टरकडे गेले आणि पॉइंटांकडे केवळ इशारा देणे उरले. त्यामुळे टोकांचे जळणे थांबले, टाचेचे झिजणे मात्र थांबले नाही. दुसऱ्या पायरीत पॉइंटच गेले व त्यांची जागा चुंबकीय, प्रकाशीय किंवा हॉल-परिणामावर चालणाऱ्या संवेदकाने घेतली. पाँटिॲकने 1963 साली अशी पॉइंटविरहित पद्धती ऐच्छिक म्हणून देऊ केली. पुढील दशकात ती सर्वसाधारण गाड्यांत पसरली. जुन्या डेल्कोच्या आतच बसविता येतील असे संच तयार झाल्यामुळे बाहेरून काहीच बदललेले दिसत नाही.

तरीही या संचांविषयी जी सरसकट प्रशंसा ऐकू येते ती मला पटत नाही. धन ध्रुव भूमीला जोडलेल्या जुन्या ब्रिटिश गाडीत ऋण-भूमीचा संच जोडला तर तो तत्काळ जळतो. कमी रोधाची नवी कॉइल घालून जुने पॉइंट तसेच ठेवले तर तेही फार टिकत नाहीत. पावसाळ्यात अंधेरीच्या भुयारी मार्गातील पाण्यातून आलेल्या गाडीची कॅप ओली झाली असेल, तर संवेदक कितीही उत्तम असला तरी ठिणगी वाट चुकतेच. आणि पॉइंट बिघडतात ते हळूहळू, सूचना देऊन. रस्त्याच्या कडेला ते घासून घर गाठता येते. संच बिघडतो तो एकाएकी.

एंजिन बदलणे ही याहून मोठी शस्त्रक्रिया. तिचे उदाहरण कारखान्यांनीच घालून दिले होते. 1985च्या प्रीमियर 118 एनई या गाडीत फियाट 124चा सांगाडा आणि निसानचे 1171 घनसेंटिमीटरचे एंजिन यांचा संयोग होता. महिंद्राच्या जीपमध्ये मूळच्या पेट्रोल एंजिनाच्या जागी प्यूजोचे डिझेल एंजिन आले. हौशी मालकांनी मग निसानचे एंजिन पद्मिनीतही बसविले. डिझेलमध्ये तर ठिणगीचा प्रश्नच मिटतो, कारण दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. याउलट टॅक्सी सीएनजीवर आल्या तेव्हा ठिणगीचे महत्त्व वाढले: हा वायू पेटविण्यास अधिक दाब लागतो आणि तो सावकाश जळत असल्याने ठिणगी अगोदर पाडावी लागते.

आता या सर्वांत ‘मूळ’ गाडी कोणती? कारागीर कंपनीच्या सुट्या भागाला ‘ओरिजिनल’ म्हणतो. मालक पहिल्या रंगाला. शासनाचा अर्थ निराळा आहे. जुलै 2021च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या, चासी, सांगाडा वा एंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या खाजगी गाड्यांनाच ‘विंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळू शकतो. 1970च्या दशकाच्या मध्यास पद्मिनी हे नाव घेतलेल्या कुर्ल्याच्या गाड्या नेमक्या आताच या वयात पोचत आहेत. ज्यांच्या पोटात निसानचे एंजिन आहे त्यांची वाट अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाचा जो कडक अर्थ लावला, त्यामुळे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास फारसा अवकाश उरलेला नाही.

डेल्कोत दडलेल्या संवेदकाला ‘एंजिनातील फेरफार’ म्हणावयाचे की नाही, हा मात्र शब्दार्थाचा प्रश्न आहे. माझ्या मते तसे म्हणणे योग्य नव्हे, कारण दोन स्क्रू काढून पूर्वस्थिती परत आणता येते. सावध मालक म्हणूनच काढलेले पॉइंट व कंडेन्सर डबीत घालून डिकीत ठेवतात.