दोयांगच्या काठावर उतरणारे ससाणे

नागालँडमध्ये नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेचारच्या सुमारासच सूर्य डोंगराआड जातो. त्या वेळी वोखा जिल्ह्यातल्या दोयांग जलाशयावरचे आकाश भरू लागते. आधी तुरळक ठिपके, मग थवे, आणि अंधार पडेपर्यंत काठावरच्या झाडांच्या फांद्या पक्ष्यांनी वाकलेल्या. हे अमूर ससाणे. बरेच पक्षी रात्री किंवा फार उंचावरून जात असल्याने त्यांचे स्थलांतर डोळ्यांना दिसत नाही. दोयांगला मात्र दुर्बीणही लागत नाही.

वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, म्हणजे पारव्याच्या निम्मे. सैबेरियाचा आग्नेय भाग आणि उत्तर चीनमध्ये पिल्ले वाढवून हे पक्षी हिवाळ्यासाठी आफ्रिकेच्या दक्षिण भागात जातात. जाऊन-येऊन हा प्रवास २० हजार किलोमीटरच्या वर भरतो. त्यातला सर्वांत अवघड टप्पा अरबी समुद्राचा. खाली बसायला जागा नाही, त्यामुळे इंधन आधीच अंगात भरावे लागते. ते मिळते ईशान्य भारतात. पावसाळा सरल्यावर तिथल्या जमिनीतून पंख फुटलेली वाळवी प्रचंड संख्येने बाहेर पडते. ससाणे ती दिवसभर हवेतच टिपतात आणि दोन-तीन आठवड्यांत अंगावर चरबी चढवतात.

लाखो पक्षी एकाच जागी मुक्कामाला येतात, हेच त्यांचे बळ आणि हाच त्यांचा धोका. दोयांग नदीवरच्या जलविद्युत प्रकल्पाच्या पाण्यात पांगती आणि शेजारच्या गावांची सुपीक शेते गेली. लोक मासेमारीकडे वळले. पुढे काठावर ससाणे उतरू लागले, तेव्हा माशांचीच जाळी झाडांमध्ये टांगली गेली. ‘कॉन्झर्व्हेशन इंडिया’ने २०१२ मध्ये या शिकारीचे चित्रीकरण जगापुढे आणले. एका हंगामात १ लाख २० हजार ते १ लाख ४० हजार पक्षी मारले जात असावेत, असा त्यांचा अंदाज होता.

शिकारीला कायद्याने बंदी आधीही होती. फरक पडला तो गावांनी मनावर घेतल्यावर. ग्राम परिषदा, चर्च, वनखाते आणि पक्षीमित्र एकत्र बसले. गावांनी बंदी घातली, दंड ठरवला आणि जाळी लावणारेच राखणदार झाले. २०१३च्या हंगामात दोयांगला शिकारीसाठी जाळे लागले नाही. या बदलाचे कौतुक पुष्कळ झाले. पण त्यासाठी बुडालेले उत्पन्न गावकऱ्यांचे होते, हे त्या कौतुकात बहुधा राहून जाते. पर्यटकांचे पैसे येतात ते वर्षातून काही आठवडेच.

त्याच नोव्हेंबरमध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने हंगेरीच्या तज्ज्ञांसह तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच ग्रॅमचे उपग्रह-प्रक्षेपक बसवले. पक्ष्यांची नावे ठेवली नागा, वोखा आणि पांगती. ‘नागा’ने साडेपाच हजारांहून अधिक किलोमीटर अंतर पाच-सहा दिवसांत कापल्याचे नकाशावर उमटले. या काळात पाठीशी असणारा ईशान्येचा वारा मदत करतो. त्याच सुमारास भारतातून आफ्रिकेकडे निघणारे चतुर हे समुद्रावरचे खाद्य असावे, असा तर्क जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडला आहे.

ईशान्येकडून समुद्राकडे जाताना काही ससाणे महाराष्ट्रावरून जातात. लोणावळा परिसरातल्या माळांवर ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दिसल्याच्या नोंदी आहेत. सकाळी विजेच्या तारांवर बसलेल्या लहान शिकारी पक्ष्यांकडे त्या दिवसांत नीट पाहावे. नर राखाडी, पाय नारिंगी-तांबडे, शेपटीखालचा भाग विटकरी. उडताना पंखाखालचा पुढचा पांढरा भाग लख्ख दिसतो. मादीची छाती-पोट फिकट आणि त्यावर गडद ठिपके. ऊन तापले की थवा वर चढणाऱ्या हवेत घिरट्या घेत उंच जातो आणि पश्चिमेकडे निघतो. म्हणून पाहायचे तर लवकर पोहोचावे.